बॅकअप मडगावात की मुंबईच्या क्लाउडवर?

पणजीजवळच्या एका कॉलेजात सर्व्हर सांभाळणाऱ्या मित्राचा पेच: निकाल, फी, प्रवेश यांचा २ टीबी बॅकअप मडगावच्या शाखेत डिस्कवर ठेवावा की मुंबईच्या क्लाउडवर?

आधी अंतर. पणजी-मडगाव जेमतेम ३५ किलोमीटर. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हा गोवाभर झाडं वीजतारांवर पडली. एकाच वादळात दोन्ही जागा अंधारात जाऊ शकतात. इथे क्लाउड सरळ पुढे.

पण डेटा परत आणायची वेळ आली की गणित उलटतं. १०० एमबीपीएसच्या लाइनवर २ टीबी उतरवायला सुमारे ४५ तास, तेही लाइन एकदाही न तुटता. आणि वादळात फायबर शाबूत राहील यावर मी तरी पैज लावणार नाही. डिस्क स्कूटरच्या डिकीत टाकून आणली, तर संध्याकाळपर्यंत काम उरकतं.

खर्च? डिस्क एकदाच घ्यायची; क्लाउडचं बिल महिन्याला, शिवाय डेटा बाहेर काढायचे बहुतेक ठिकाणी वेगळे पैसे. मेहनत मात्र डिस्कलाच जास्त. मित्राने कपाट उघडलं, तर पावसाळी दमटपणाने लेबलवरची शाई पसरून तारीखच गायब! कायम जोडून ठेवलेली डिस्क तर रॅन्समवेअर, म्हणजे फायलींना कुलूप घालून खंडणी मागणारा व्हायरस, सर्व्हरबरोबरच गिळतो.

निकालाच्या आठवड्यात दोन दिवस थांबणं परवडत नसेल, तर मडगावची डिस्क. कॉपी झाली की काढून ठेवायची. ती नियमाने बदलणारा माणूसच नसेल, तर क्लाउड. मित्राला मी डिस्क सुचवली, आणि रोजच्या निकालांची छोटी प्रत तेवढी क्लाउडवर.