ऑफर लेटरवरचा निळा नकाशा

बनावट इंटर्नशिपच्या नादात माझे पैसे गेले, त्याचं आता फारसं काही वाटत नाही. माझ्या शब्दावर विसंबून दोघी मैत्रिणींनी भरले, ते मात्र बोचतं. म्हणून लिहायला बसले.

मी डिचोली तालुक्यातली, राज्यशास्त्रात एमए करते. 2023 च्या मे महिन्यात बाणावलीला शांघाय सहकार्य संघटनेच्या परराष्ट्रमंत्र्यांची बैठक झाली. आपले जयशंकर आणि पाकिस्तानचे बिलावल भुट्टो यांच्या नमस्कारावर टीव्हीवाले दिवसभर बोलत होते. तेव्हापासून माझ्या डोक्यात हेच क्षेत्र. पण गोव्यात बसून यातलं काम मिळणार कुठे? पणजीत पोर्तुगालची कॉन्सुलेट आहे खरी, पण तिथे लोक जातात ते कागदपत्रं काढायला, इंटर्नशिप मागायला नाही.

गेल्या वर्षी चवथीच्या दोनेक आठवडे आधी इन्स्टाग्रामवर जाहिरात दिसली. 'संयुक्त राष्ट्रांशी संलग्न' पॉलिसी इंटर्नशिप, तीन महिने घरबसल्या, शेवटचा आठवडा जिनिव्हात. संस्थेच्या नावात ग्लोबल, युथ आणि पीस हे तिन्ही शब्द. निबंध मागवला, मी रात्रभर जागून लिहिला. मुलाखत अकरा मिनिटांची, त्यांचा कॅमेरा बंद. 'संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस कोण?' असा प्रश्न आला तेव्हाच खरं तर हसायला हवं होतं. दोन तासांत ऑफर लेटर हजर. वर जगाचा निळा नकाशा, दोन्ही बाजूंना ऑलिव्हच्या फांद्या. बाबांनी त्याची रंगीत प्रिंट काढून आणली आणि मखराशेजारी ठेवली.

आधी 1,499 रुपये नोंदणी. मग 6,000 रुपये अनामत, 'सर्टिफिकेटसोबत परत मिळेल.' तिसरा हप्ता चवथीच्या आदल्या संध्याकाळी. बाबा शिडीवर चढून माटोळी, म्हणजे गणपतीच्या वरची रानफळांची चौकट, बांधत होते, मी खालून कवंडळं आणि कांगलं वर देत होते, तेवढ्यात फोन. "मॅडम, जिनिव्हाची तुमची सीट आज रात्री बारापर्यंतच ठेवता येईल." व्हिसाच्या कागदपत्रांचे 12,000. बाबांनी दोरीची गाठ मारता मारता "किती?" एवढंच विचारलं आणि "भर" म्हणाले. 2018 ला खाणी बंद पडल्या तसा आमचा ट्रक गेला. त्या 'भर'मागे काय होतं ते मला ठाऊक आहे. यूपीआयवर संस्थेचं नाव आलं नाही, कुणा व्यक्तीचं आलं. विचारलं तर, "ते आमचे अकाउंट्स हेड." मी ऐकून घेतलं.

इतकी शिकलेली मुलगी फसली कशी, असं शेजारच्या काकू अजून विचारतात. काकू, त्यांनी सांगितलेलं निम्मं खरं होतं, म्हणून फसले. संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयात इंटर्नला पगार मिळत नाही. प्रवास, राहणं, व्हिसा हा सगळा खर्च ज्याचा त्याने करायचा असतो. हे मला आधीपासून माहीत होतं, त्यामुळे पैसे मागितले तेव्हा विचित्र वाटलंच नाही. पण तो खर्च विमान कंपनीला, घरमालकाला द्यायचा असतो. अर्ज, मुलाखत, प्रक्रिया, प्रशिक्षण, कुठल्याही टप्प्यावर संयुक्त राष्ट्रं एक पैसा घेत नाहीत, हे त्यांनी स्वतःच्या संकेतस्थळावर लिहून ठेवलं आहे. मी ते वाचलं सगळं झाल्यावर.

दुसरं, त्यांनी कंपनी कायद्याच्या कलम 8 खालचं नोंदणीपत्र पाठवलं. शोधलं, तर कंपनी खरोखर नोंदलेली! ना-नफा कंपनी नोंदवली म्हणजे कुणी सज्जन ठरत नाही, एवढं साधं तेव्हा सुचलं नाही. आपल्याला 'एकोसॉकचा', म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक आणि सामाजिक परिषदेचा, 'सल्लागार दर्जा' आहे असं ते सांगत, हाही असाच शब्द. हा दर्जा मिळालेल्या संस्थांची यादी कुणालाही पाहता येते, त्यात यांचं नाव नव्हतं. असतं तरी ती संस्था संयुक्त राष्ट्रांचा भाग होत नाही. आणि तो निळा नकाशा? संयुक्त राष्ट्रांचं नाव आणि चिन्ह परवानगीशिवाय धंद्यासाठी वापरायला आपल्याकडे 1950 च्या कायद्याने बंदी आहे. ज्याला माझ्या बाबांनी मखराशेजारी जागा दिली, तो गुन्ह्याचाच पुरावा होता.

आता त्या मैत्रिणींचं. पैसे भरून झाल्यावर मला 'कॅम्पस ॲम्बेसेडर' केलं. दहा मुलं आणली तर अनामत लगेच परत. मी वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर स्वतःचं ऑफर लेटर टाकलं, खाली लिहिलं, 'मी जातेय, तुम्हीही या.' एक साखळीची, एक वाळपईची. दोघींनी नोंदणी आणि अनामत भरली, प्रत्येकी 7,499.

पुढे 'विमा' म्हणून 32,000 मागितले तेव्हा मी थांबले. ईमेलचा पत्ता पहिल्यांदाच नीट वाचला. 'यूएन' ही अक्षरं होती, पण शेवटी यूएन डॉट ऑर्ग नव्हतं. सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन केला, सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार टाकली, रायबंदरला सायबर पोलीस ठाण्यात जाऊन आले. माझा शेवटचा हप्ता जाऊन तोवर एकोणीस दिवस उलटले होते. लगेच कळवलं तर पुढच्या खात्यात पैसे अडवता येतात. माझे तिथून केव्हाच पुढे सरकले होते.

माझ्या वर्गातल्या एकाने परराष्ट्र मंत्रालयाच्या इंटर्नशिपसाठी अर्ज केला आहे. अर्जाला शुल्क नाही, निवड झाली तर महिन्याला 10,000 रुपये मानधन तेच देतात. हे मला त्याने कँटीनमध्ये चहा पिता पिता सांगितलं. आधी विचारलं असतं तर आधी सांगितलं असतं.

साखळीची मैत्रीण म्हणाली, सोड, झालं ते झालं. वाळपईची काही बोलली नाही. तिला मी शिकवणीच्या पैशातून दर महिन्याला 500 पाठवते. पाठवल्याचा स्क्रीनशॉट टाकते. दोन निळ्या खुणा येतात, बाकी काही येत नाही.