आरव्ही-७ चा शेपटीचा किट कसा आहे? सविस्तर रिव्ह्यू

घरी विमान बांधायचं डोक्यात असेल तर अख्खं विमान एकदम मागवू नका, आधी नुसता शेपटीचा किट घ्या. आम्ही व्हॅन्स एअरक्राफ्टचा आरव्ही-७ चा घेतला, पूर्ण केला, आणि आपल्याला हे काम झेपतंय का, आवडतंय का, या दोन्ही प्रश्नांची उत्तरं शेपटीतच मिळाली. आता पंखांचा किट घेणार हे नक्की.

आरव्ही-७ म्हणजे शेजारीशेजारी दोन सीट, बॉडी ॲल्युमिनियमची. रिचर्ड व्हॅनग्रन्सवेन यांनी १९७३ मध्ये कंपनी काढली आणि आजवर १०,००० च्या वर आरव्ही विमानं लोकांनी स्वतः बांधून उडवलीत, त्यामुळे कुठेही अडलात तरी त्याच जागी आधी अडलेला कोणीतरी सापडतोच, आणि माझ्या मते हे किटपेक्षाही मोठं भांडवल आहे. शेपटी, पंख, फ्युजलाज (विमानाचं धड), फिनिशिंग असे वेगवेगळे किट टप्प्याटप्प्याने घेता येतात. इंजिन, प्रोपेलर, एव्हिऑनिक्स (कॉकपिटमधली इलेक्ट्रॉनिक उपकरणं) यांचा खर्च वेगळा, तो पहिल्या दिवसापासून हिशोबात धरा.

किटची खरी कमाल म्हणजे भोकं. स्किन (बाहेरचा पत्रा), रिब (आतल्या फासळ्या), स्पार (आतला मुख्य दांडा) सगळ्यांना कारखान्यातच भोकं पाडलेली असतात आणि ती एकमेकांवर बरोब्बर बसतात, क्लेको (पत्रे तात्पुरते धरून ठेवणाऱ्या स्प्रिंगच्या पिना) लावत गेलं की स्टॅबिलायझर (शेपटीचा न हलणारा भाग) आपोआप सरळ उभा राहतो, भाग सरळ धरून ठेवणारा मोठा जिग बनवायची गरजच नाही. पण म्हणून काम सोपं समजू नका. प्रत्येक भोक फायनल साइजला ड्रिल करायचं, दोन्ही बाजूंनी डीबर करायचं (कडेची खरखर काढायची), मग डिंपल (रिव्हेटचं डोकं पत्र्याच्या पातळीत बसावं म्हणून भोकाभोवती खळगा), प्रायमर आणि शेवटी रिव्हेट (पत्रे जोडणारी खिळी). डीबरिंग कंटाळवाणं आहे हे मान्य, तरी एकही भोक सोडू नका, कारण कडेला राहिलेल्या बारीक खरखरीतूनच पुढे तडा सुरू होतो आणि तो जमिनीवर असताना दिसेलच असं नाही.

रिव्हेटिंगला दोन माणसं हवीत. मी रिव्हेट ठोकणारी गन धरायचो आणि मेहुणा आतून बकिंग बार, म्हणजे रिव्हेटच्या मागे टेकवायचा जड धातूचा ठोकळा. दोघांच्या कानावर मफ, बोललेलं काही ऐकू येत नाही, म्हणून जुन्या कारागिरांची ठोक्यांची खूण वापरली, एक ठोका म्हणजे अजून मारा, दोन म्हणजे झाला, तीन म्हणजे बिघडला. तीन ठोके आले की मफ काढून "दाजी, वाकडा गेला हा, काढा" आणि मग तो ड्रिलने काढायचा. ठोकून तयार होणारं आतलं डोकं रिव्हेटच्या व्यासाच्या दीडपट रुंद आणि अर्धा व्यास उंच हवं, गेज लावून तपासा, डोळ्यावर विश्वास ठेवू नका. सगळ्यात जास्त घाम काढला रडर आणि एलिव्हेटर या शेपटीच्या हलणाऱ्या भागांच्या पुढच्या कडेने, पातळ पत्रा पाइपला टेप लावून हाताने गोल वळवायचा असतो, घाई केली की घडी पडते आणि ती घडी जात नाही.

ड्रॉइंग वाचायची सवय मात्र लागते. पुढची प्रत्येक स्टेप लिहून दिलेली हवी असेल तर त्यांचंच आरव्ही-१४ बघा.

टूल्स वेगळी घ्यावी लागतात आणि तिथे पैसे वाचवू नका. एका ऑनलाइन दुकानातून घेतलेल्या स्वस्त डिंपल डायच्या (डिंपल पाडायच्या ठशाच्या) कडेला धार राहिलेली होती, प्रत्येक डिंपलभोवती पत्र्यावर गोल ओरखडा, नशीब की आधी भंगार तुकड्यावर ट्राय केलं होतं. दुकानाने परत घ्यायला सरळ नकार दिला. चांगल्या डाय, चांगला स्क्वीझर (रिव्हेट दाबून बसवायचं हत्यार), गनला नीट एअर रेग्युलेटर, या तीन गोष्टींवर खर्च करा, बाकी हळूहळू जमवता येतं.

आणि फोटो काढत राहा, रोज, स्वतः काम करताना दिसाल असे. अमेरिकेत ॲमॅच्युअर बिल्ट म्हणून सर्टिफिकेट हवं तर निम्म्याहून जास्त काम हौशी माणसांनी, शिकण्यासाठी किंवा आवडीखातर केलेलं असावं लागतं, त्यालाच सगळे ५१ टक्क्यांचा नियम म्हणतात, तिथे तुमची बिल्ड लॉग आणि फोटो हाच पुरावा.

माझ्याकडून ५ पैकी ५. पंखांच्या किटमध्ये फ्युएल टँक येतात आणि त्यांचं सीलंट फार चिकट, हाताला लागलं की सुटत नाही असं सगळेच सांगतात, ते काम झालं की त्याचाही रिव्ह्यू टाकेन.