माहिती प्रणालीत पीएचडी: एकाच विषयात राहावं की शेजारच्या विषयांतही जावं?

माहिती प्रणालीत, म्हणजे माहिती साठवणाऱ्या-पुरवणाऱ्या संगणकीय व्यवस्था आणि त्यांचा वापर यांच्या अभ्यासात, पीएचडी करायचं ठरवलंत की लगेच दोन वाटा समोर येतात. संगणकशास्त्राच्या चौकटीतच काम करायचं, की अर्थशास्त्र, मानसशास्त्र, मानववंशशास्त्र यांपैकी कुणाला सोबत घ्यायचं? निवडण्याआधी वारणेचं उदाहरण बघा.

1998 मध्ये वारणा खोऱ्यातल्या 70 गावांत संगणक केंद्रं उभारण्याचा प्रकल्प सुरू झाला. इंटरनेटमुळे शेतकऱ्याला बाजारभाव आणि शेतीचा सल्ला गावातच मिळेल, अशी अपेक्षा होती. तांत्रिक वाटेनं जाणारा संशोधक इथे जोडणी किती टिकते, यंत्रं किती वेळा बंद पडतात, माहितीचा साठा कसा रचला आहे, हे तपासेल. ते तपासायलाच हवं. पण बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधले संशोधक गावांत गेले, केंद्रचालकांशी आणि शेतकऱ्यांशी बोलले, तेव्हा वेगळंच समोर आलं. केंद्रं मुख्यतः उसाचं वजन, तोडणी परवाना आणि खतखरेदी यांच्या नोंदींसाठीच वापरली जात होती. एवढ्यासाठी संगणक कशाला? त्यांनी काही गावांत संगणकाऐवजी मोबाईल आणि एसएमएस वापरून पाहिला. खर्च कमी झाला, शिवाय केंद्र उघडायची वाट पाहणंही संपलं. गावकऱ्यांशी बोलल्याशिवाय ही प्रणाली सुचलीच नसती, म्हणून मला हा अभ्यास मोलाचा वाटतो.

केरळच्या मच्छीमारांवरचं काम याच्या शेजारी ठेवा. अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट जेन्सन यांनी 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मोबाईल आल्यानंतरचा सार्डिन (तारली) माशांचा बाजार मोजला: मच्छीमारांचा नफा सरासरी 8 टक्के वाढला, ग्राहकासाठी भाव 4 टक्के उतरला. अर्थशास्त्राची ही ताकद मान्यच करावी लागते. पुढे 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जानकी श्रीनिवासन आणि जेना बरेल या संशोधकांनी किनाऱ्यावर जाऊन जे पाहिलं, त्यात भावाच्या माहितीपलीकडचे प्रश्न होते: होडी कोणती, लिलाव करणाऱ्याशी संबंध कसे. दोन्ही वाचल्यावरच बाजार नीट समजतो.

मिश्र वाटेवर वेळ मात्र जास्त जातो. दोन विषयांचं वाङ्मय वाचावं लागतं, आणि एकाच विषयातला परीक्षक ‘हे आमच्यात बसत नाही’ म्हणण्याची भीती राहते. शोधनिबंध कुठे पाठवायचा, हाही प्रश्न असतोच.

म्हणून साठ्यातली माहिती शोधण्याचा वेग किंवा कूटलेखनाची (माहिती सांकेतिक रूपात लपवण्याची) सुरक्षितता हा तुमचा प्रश्न असेल, तर संगणकशास्त्रातच राहा. लोक प्रणाली का वापरतात, का टाळतात, फायदा कुणाच्या पदरात पडतो, हा प्रश्न असेल, तर दुसरा विषय घ्याच. मात्र एकच घ्या, तीन नकोत. आणि नोंदणीआधी त्या विषयातला सहमार्गदर्शक पक्का करा. निव्वळ सहीपुरता नको, तुमच्या मुलाखतींच्या नोंदी वाचायला तयार असलेला हवा.