किनाऱ्याची गाडी, पण खिडकीत नद्या : कोकण रेल्वेच्या अकरा प्रवासांनंतर

कोकणातून परत येऊन तीन महिने झाले, तरी पारावर बसलो की कोणीतरी विचारतंच, "गुरुजी, गाडीतून समुद्र दिसते का जी?" मी खरं तेच सांगतो. फारसा दिसत नाही. तरी जा.

निवृत्तीनंतर आम्ही दोघं जूनमध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातल्या घराला कुलूप लावून निघालो आणि डिसेंबर संपता संपता परतलो. कुडाळजवळ एक खोली भाड्यानं घेतली होती. तिथून कधी रत्नागिरी, कधी चिपळूण, कधी मडगाव आणि एकदा थेट मंगळूर. या मार्गावर एकूण अकरा प्रवास झाले, भर पावसातले आणि कोरड्या दिवसांतलेही. म्हणून एका सहलीवर भागवून लिहिण्यापेक्षा माझ्याजवळ सांगायला थोडं जास्त आहे.

आधी समुद्राचं. नकाशात हा मार्ग किनाऱ्याला चिकटून गेल्यासारखा दिसतो, पण रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत तो बहुतेक ठिकाणी सह्याद्री आणि समुद्र यांच्या मधल्या डोंगराळ पट्ट्यातून जातो. राजापूर रोड, वैभववाडी रोड, सावंतवाडी रोड या नावांतला 'रोड' तेच सांगतो : गाव दूर आहे, इथून रस्ता धरा. लाटा बघत जाऊ अशा आशेनं बसलेला माणूस चिपळूणपर्यंत हिरमुसतो. मीही पहिल्या खेपेला हिरमुसलो होतो.

मग नद्या सुरू झाल्या. आमच्याकडची नदी म्हणजे पावसाळ्यात चार दिवस फुगते आणि फेब्रुवारीत तिच्या पात्रातून बैलगाडी जाते. इथं वाशिष्ठी ओलांडली, की थोड्या वेळात संगमेश्वरची शास्त्री, मग काजळी, पुढं गोव्यात मांडवी आणि तिच्या पाठोपाठ जुवारी. डिसेंबरातही या सगळ्या काठोकाठ, कारण खाली भरतीचं पाणी आत शिरलेलं असतं. आमच्या हिनं पूल मोजायला घेतले होते. लहान-मोठे धरून या मार्गावर दोन हजारांच्या आसपास पूल आहेत, हे तिला नंतर कळलं. जुवारीचा पूल एक किलोमीटरहून लांब, आणि होन्नावरला शरावतीवरचा दोन किलोमीटरच्या वर. तिथं गाडी पुलावर असताना मी चहाचा कप हातात धरून होतो, तो तसाच गार झाला.

रत्नागिरी सोडल्यावर पानवल नदीचा पूल येतो. उंची ६४ मीटर. आमच्या गावच्या पाण्याच्या टाक्या एकावर एक तीन-चार ठेवा, तेवढा. डोंगराच्या कडेवर तुळई तयार करत पुढं पुढं ढकलत नेऊन तो बांधला, असं वाचलं होतं, पण गाडी पार व्हायला मिनिटही लागत नाही. तिसऱ्या खेपेला मी रत्नागिरीपासूनच पुस्तक मिटून तयार बसलो होतो.

बोगद्यांची तयारी ठेवा. एकूण ९१ आहेत. रत्नागिरीच्या अलीकडचा करबुडेचा साडेसहा किलोमीटरचा. डबा अंधारतो, आवाज बदलतो, लेकरं ओरडतात, आणि बाहेर पडलं की पुन्हा हिरवं. उक्षीजवळ पावसाळ्यात रानपाटचा धबधबा रुळांच्या इतका जवळ आहे, की खिडकीत बसल्या बसल्या तुषार येतात.

पावसातच जा, असं माझं मत आहे. रत्नागिरीकडं वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आपल्याकडं जेमतेम हजाराच्या आसपास. लाल माती, डोंगरउतारावर पायऱ्या पायऱ्यांची भातखाचरं, गुडघाभर पाण्यात वाकून लावणी करणाऱ्या बाया. त्याच जुलैत घरी भावाचा फोन यायचा की पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, सुकून चालली, पुन्हा डोबणी करून बी टोचावं लागणार. खिडकीतलं पाणी बघताना ते मनातून जात नव्हतं. मात्र कुडाळच्या शेजाऱ्यांनी सांगितलं, की एवढं पडूनही एप्रिल-मेमध्ये कोकणातल्या कितीतरी वाड्यांवर टँकर येतात. उतारावरून सगळं समुद्राला जातं.

पावसाळ्यात गाड्या हळू चालतात आणि त्यासाठी वेळापत्रकच वेगळं असतं. त्यावर चिडू नये. २००३ च्या जूनमध्ये वैभववाडीजवळ दरड कोसळून गाडी घसरली आणि पन्नासहून जास्त माणसं गेली. आता पावसात रुळांवरून गस्तवाले दिवसरात्र चालतात. एका पहाटे छत्री धरून उभा असलेला एक गस्तवाला दिसला, आमची गाडी जाईपर्यंत हिरवा दिवा हलवत होता. बराचसा मार्ग एकेरी असल्यानं क्रॉसिंगला थांबावंही लागतं. त्या थांब्यात उतरून कोकम सरबत घ्या.

विदर्भातल्या माणसानं कसं जावं? आम्ही गेलो तेव्हा नागपूर–मडगाव विशेष गाडी आठवड्यातून दोनदा होती. आम्ही ती बडनेऱ्याहून संध्याकाळी पकडली. रात्र भुसावळ-नाशकाच्या बाजूला झोपेत जाते, पनवेलला उजाडतं आणि सगळं कोकण दिवसा मिळतं. उलट दिशेला मात्र मडगावहून रात्री निघते, म्हणून परत येताना काही दिसणार नाही. निघण्याआधी चालू वेळापत्रक बघून घ्या. मुंबईला उतरणार असाल, तर सकाळी सुटणारी मांडवी एक्सप्रेस घ्या. तिची पँट्री चांगली म्हणून नावाजलेली आहे, पण आम्ही घरची भाकर, ठेचा आणि जवसाची चटणीच बांधून नेली. एसीचा डबा घेऊ नका, बंद काचेतून मातीचा वास येत नाही. जाताना रोहा ते चिपळूण डावीकडं बसा, सह्याद्री त्या बाजूला आहे.

दारव्हा मोतीबाग स्टेशनावरून पूर्वी शकुंतला जायची. वडील त्याच गाडीनं यवतमाळला जात. ७६२ मिलिमीटरचा तो छोटा रूळ आपला कापूस मुंबईच्या बंदरापर्यंत, म्हणजे शेवटी मँचेस्टरला, पोचवण्यासाठी टाकला होता. वऱ्हाडाचा कापूस समुद्रापार जात राहिला, पण तो पिकवणाऱ्या माझ्या वडिलांनी समुद्र पाहिला नाही. पानवलच्या पुलावर मला त्यांची आठवण आली, दर खेपेला.

शेजारच्या घरातली म्हातारी काकू सत्तर पार आहे, तिनंही पाहिलेला नाही. तिच्या मुलाला मी सांगितलं आहे : खिडकीवर भिस्त ठेवू नको, रत्नागिरीला उतर, रिक्षा कर आणि भाट्याच्या वाळूवर नेऊन तिला पाण्यात उभं कर. ऑगस्टच्या तिकिटाचं आरक्षण सुरू झालं की तो दारव्ह्याला जाणार आहे, खालचा बर्थ मागायचा असं त्याला दोनदा बजावलं आहे.