मोटरचा रंबल की कॉइलचं हॅप्टिक: हळू आवाजात खेळणाऱ्याचा कौल

मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सचा गेम खेळायचा पॅड घ्यावा की सोनीच्या प्लेस्टेशन ५ (पीएस५) चा पॅड, म्हणजे ड्युअलसेन्स, या प्रश्नावर अडकलेल्यांसाठी हे लिहितोय. हातात कोण कसा बसतो, स्टिक कुठे हवी, बटणं किती टकटकतात हे सगळं सवयीवर आहे आणि त्यावर भरपूर लिहून झालंय. मी फक्त थरथरण्याबद्दल बोलणार आहे. मोटर फिरवून होणारी थरथर म्हणजे रंबल, आणि कॉइलने हातात उमटवलेला बारीक स्पर्श म्हणजे हॅप्टिक. दोन्ही प्रकारचे पॅड मी वापरले आहेत, आणि माझा निर्णय शेवटी तिथेच झाला. तोही अगदी क्षुल्लक वाटेल अशा कारणावरून.

एक्सबॉक्सच्या पॅडमध्ये चार मोटर असतात. मुठींमध्ये दोन, डावीकडे जड आणि उजवीकडे हलकी, आणि ट्रिगरपाशी, म्हणजे तर्जनीने दाबायच्या बटणांपाशी, दोन चिमुकल्या. प्रत्येकीच्या दांड्यावर एका बाजूला कललेलं वजन. वॉशिंग मशीनमध्ये एकटी सोलापुरी चादर टाकून पिळायला लावली की मशीन जशी जागची हलते, तेच तत्त्व. कल्पना जुनी आहे. निन्टेन्डोने १९९७ मध्ये रंबल पॅक काढला, तो पॅडच्या मागे खोचायचा आणि त्याला स्वतःचे दोन एएए सेल लागायचे. त्याच वर्षी सोनीचा ड्युअलशॉक दोन मोटर पोटात घेऊन आला. ट्रिगरमधल्या मोटर २०१३ च्या एक्सबॉक्स वनपासूनच्या. बाकी मूळ रचना फारशी बदललेली नाही, आणि ‘चालतंय ना, मग कशाला हात लावा’ हा युक्तिवादही कमकुवत नाही.

मधे एकदा सोनीने थरथरच काढून टाकली होती, हे नव्या पिढीला कदाचित ठाऊक नसेल. २००६ मध्ये पीएस३ सोबत आलेल्या सिक्सॅक्सिस या पॅडमध्ये मोटर नव्हत्या. हालचाल ओळखणाऱ्या सेन्सरच्या कामात व्हायब्रेशनचा व्यत्यय येतो, असं कारण दिलं गेलं. त्याच सुमारास इमर्शन कंपनीशी व्हायब्रेशनच्याच पेटंटवरून खटला चालू होता. २००७ च्या मार्चमध्ये तो मिटला आणि वर्ष सरायच्या आत जपानात ड्युअलशॉक ३ थरथरत बाजारात आला. सेन्सर तेव्हाही होताच. असो.

ड्युअलसेन्समध्ये गरगरणारं वजन नाहीच. दोन्ही मुठींत एकेक व्हॉइस कॉइल अ‍ॅक्च्युएटर आहे, म्हणजे स्पीकरमध्ये असतात तसे कॉइल आणि चुंबक, फक्त कागदी पडद्याऐवजी वजन मागेपुढे ढकलणारे. मोटरला गेम एवढंच सांगू शकतो की किती वेगाने फिरायचं. इथे गेम सरळ लहर पाठवतो. पीसीला केबलने जोडलात तर विंडोजला हा पॅड चार चॅनलचं ऑडिओ उपकरण म्हणून दिसतो, आणि त्यातले दोन चॅनल तुमच्या तळहातांसाठी असतात. ‘अ‍ॅस्ट्रोज प्लेरूम’मध्ये काचेवरून, वाळूवरून, धातूवरून चालताना पावलं वेगळी लागतात, ‘रिटर्नल’मध्ये पावसाचे थेंब हातावर टपटपतात. याचं कौतुक तुम्ही ऐकलं असेलच. पण माझं कारण ते नव्हे. पहिल्या आठवड्यात त्या पावसाचं अप्रूप वाटतं, नंतर आपण पावसाकडे लक्ष देणं बंद करतो.

माझं कारण असं. मी खेळतो ते घर झोपल्यावर. आमच्याकडे टीव्ही बाहेरच्या खोलीत आहे आणि आतलं दार कायम उघडं. टीव्हीचा आवाज हेडफोनने सुटतो, पॅडचा सुटत नाही. मोटर पूर्ण जोरात फिरली की जी घुर्रघुर्र होते ती शांत घरात चांगलीच ऐकू येते. त्यात एखादा लांबलचक कटसीन (खेळ थांबवून नुसता बघायचा प्रसंग) लागला म्हणून पॅड काचेच्या टीपॉयवर ठेवावा आणि पडद्यावर नेमकी इमारत कोसळावी. आतून ‘अहो, काय चाललंय?’ येतंच.

यावर सरळ उपाय म्हणजे गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन व्हायब्रेशन कमी करणे. मी तेच केलं, आणि तिथे गंमत बिघडली. मोटरवाल्या पॅडचं व्हायब्रेशन निम्म्यावर आणलं की ते निम्मं होत नाही. फिरत्या वजनाचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, म्हणजे वेग निम्मा केला तर धक्का पावपट उरतो. शिवाय वेग उतरला की थरथरीची जातच बदलते, ती जाडी-भरडी होते. तळहाताची त्वचा साधारण २०० ते ३०० हर्ट्झच्या कंपनांना सगळ्यात तिखट प्रतिसाद देते, त्या पट्ट्यापासून आपण आणखी लांब जातो. आणि अगदी हलका इशारा असेल तर मोटर हलतच नाही, कारण जागचं उठायलाच तिला ठरावीक ताकद लागते.

परिणाम असा की स्फोट उरतात आणि कुजबुज जाते. कुलूप उघडताना योग्य जागी लागणारी बारीक टिचकी, चाक डांबर सोडून गवतावर गेल्याची जाणीव, मागून कुणी येतंय याची चाहूल, ज्या गोष्टींचा खेळताना खरोखर उपयोग असतो त्याच आधी नाहीशा होतात. ज्याचा उपयोग शून्य, तो धडामधूम मात्र शाबूत. मला नेमकं उलटं हवं होतं.

पीएस५ वर व्हायब्रेशन ‘कमकुवत’ या पायरीवर ठेवून मी ड्युअलसेन्स वापरला तेव्हा टिचकी टिचकीच राहिली, फक्त बारीक झाली. कॉइलला वेग पकडायचा नसतो आणि थांबायलाही वेळ लागत नाही, त्यामुळे लहान ठोका लहानच राहतो, मागे शेपूट सोडत नाही. आवाज तिचाही होतो, स्पीकरची बहीणच ती. पण कमी पायरीवर तो माझ्या घरात तरी दारापलीकडे गेलेला नाही. हे काही मी मोजून सांगत नाही. तक्रार आली नाही, एवढाच पुरावा.

माझ्या भाच्याचं मत याच्या बरोबर उलट आहे. त्याने माझा पॅड हातात घेतला, दोन फेऱ्या खेळला आणि म्हणाला, “मामा, ह्याच्यात दम नाही.” त्याचं चूक नाही. बंदूक चालवली की मनगटापर्यंत हादरा बसला पाहिजे, हे ज्याला हवं त्याला जड मोटरसारखं काही नाही. जुने पीएस४ चे गेम पीएस५ वर चालवले की तेच दिसतं. त्यांनी मागितलेली मोटरची थरथर कॉइलला नक्कल करून द्यावी लागते, आणि ती नक्कल मला तरी पातळ वाटते.

गाड्यांचे गेम हा तुमचा मुख्य खेळ असेल तर मी गप्प बसतो. ‘फोर्झा’मध्ये ब्रेक जास्त दाबला आणि चाक अडकलं की डाव्या ट्रिगरखालचं बोट लगेच सांगतं, आणि माहिती जिथे हवी तिथेच मिळते. ड्युअलसेन्सचे ट्रिगर बोटाला अडवतात, ‘ग्रॅन टुरिस्मो ७’ मध्ये ते छान वापरलंय. पण तासभर खेळल्यावर मला तो विरोध थकवणारा वाटतो आणि मी तो बंदच ठेवतो. चार्जिंगसाठी ते सोयीचंही पडतं. ड्युअलसेन्सची आतली बॅटरी १५६० एमएएचची, तिला पुन्हा पुन्हा केबल लागते. एक्सबॉक्सच्या पॅडला दोन एए सेल, संपले की बदलले.

पीसीवाल्यांनी एक गोष्ट पैसे देण्याआधी समजून घ्यावी. ड्युअलसेन्सचं खरं हॅप्टिक बहुतेक गेममध्ये केबल लावल्यावरच मिळतं. ब्लूटूथवर तो साध्या रंबलवर उतरतो, आणि मग वर सांगितलेली पातळ नक्कल तुमच्या वाट्याला येते. शिवाय गेमने हॅप्टिक वापरलेलं असायला हवं. सोफ्यावर बसून बिनवायरीचं खेळायचं असेल तर एक्सबॉक्सचा पॅड घ्या, मी दुसरं काही सुचवणार नाही.

निन्टेन्डोचा उल्लेख केला नाही तर कुणीतरी विचारेलच. स्विचचं एचडी रंबल २०१७ पासून याच वाटेवर आहे, ‘१-२-स्विच’ या गेममध्ये तर जॉय-कॉन, म्हणजे स्विचचा छोटा पॅड, डबी समजून हलवायचा आणि आत किती गोळ्या आहेत ते मोजायचं होतं. पण त्यासाठी कुणी कन्सोल बदलेल असं वाटत नाही.

तर दिवसा, स्पीकर लावून, मित्रांसोबत खेळणार असाल तर दोन्हींतला फरक तुम्हाला फार जाणवणार नाही. स्वस्त मिळेल तो घ्या. पण हळू आवाजात, एकट्याने खेळणार असाल तर दुकानातला किंवा मित्राचा पॅड मागून घ्या, व्हायब्रेशन सगळ्यात खालच्या पायरीवर आणा आणि मग पाच मिनिटं खेळून बघा. पूर्ण जोरात सगळेच पॅड चांगले वाटतात.