अंब्रोझिओ, सांता मारिया: दोरीला लटकून पाहिलेले डेव्हिल रे

आधीच सांगते, पायाखाली तळ दिसल्याशिवाय ज्यांना पाण्यात चैन पडत नाही त्यांनी ही स्कूबा डाइव्ह घेऊ नये. मी शिकले तारकर्लीला, जरा खाली गेलं की वाळू. इथे अटलांटिकमधल्या पोर्तुगालच्या अझोर्स बेटांपैकी सांता मारियाच्या उत्तरेला अंब्रोझिओ नावाचा पाण्याखालचा डोंगर आहे, त्याचा माथाच सुमारे ५० मीटरवर. तो दिसत नाही. बोटीखाली सोडलेली दोरी धरून १०-१५ मीटरवर लटकायचं आणि डेव्हिल रेंची, म्हणजे पाकटाच्या कुळातल्या मोठ्या चपट्या माशांची, वाट बघायची.

(बेट ज्वालामुखीचं, पण अझोर्समधलं सगळ्यात जुनं. धूरबिर शोधू नका.)

पहिल्या डाइव्हला बाराकुडा माशांचा थवा लांबून गेला, बाकी नुसतं निळं. पालखी आत्ता येईल, मग येईल म्हणत रस्त्यात ताटकळावं, तसं. पाणी कोमट वाटतं, पण हलायचं नसल्यामुळे अर्ध्या तासात दात वाजायला लागतात. त्यात सेंटरने दिलेला ५ मिमीचा वेटसूट मानेशी ढगळ होता. बदलून मागितला तर ‘एवढा एकच राहिलाय’.

दुसऱ्या डाइव्हला ते आले. सात, एकामागोमाग. पाठ शेवाळी तपकिरी, तोंडापुढचे दोन पंख गुंडाळून शिंगांसारखे केलेले, म्हणून बिचाऱ्यांना डेव्हिल म्हणतात. आपण हललो नाही तर स्वतःच बघायला येतात. एक माझ्या डोक्यावरून इतका सावकाश गेला की पोटावरच्या कल्ल्यांच्या फटी मोजून झाल्या, दोन्हीकडे पाच-पाच, शेजारी दोन रेमोरा मासे चिकटलेले. अझोर्सजवळ टॅग लावलेले याच जातीचे रे जवळजवळ १,९०० मीटर खोल जातात, हे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं. तिथलं पाणी ४ अंशांच्याही खाली. वर येतात ते बहुधा अंग शेकायला. आणि मी वेटसूटबद्दल कुरकुरत होते!

खरी तक्रार पुढेच आहे. ब्रीफिंगमध्ये गाइडने बजावलं होतं, पाठलाग करायचा नाही. तरी मोठा कॅमेरावाला एक गडी पाय मारत थेट मधे घुसला, रे खाली निळ्यात नाहीसे झाले आणि गाइड बघत राहिला. वर आल्यावरही त्याला कुणी काही बोललं नाही. याचा एक तारा कापला, वेटसूटचा अर्धा. पाचपैकी साडेतीन. बोट, टाक्या आणि ब्रीफिंग मात्र चोख.

मालवणला फोन केला तर आई म्हणाली, “पाकट बघूक इतक्या लांब गेलंस?”

जाणार असाल तर जुलै ते सप्टेंबरात जा आणि हाताशी चार-पाच दिवस ठेवा. वारा सुटला की बोट निघत नाही, माझे दोन दिवस किनाऱ्यावरच गेले. डाइव्हनंतर लगेच उडणं धोक्याचं, म्हणून शेवटची डाइव्ह आणि पोंता देल्गादाचं (अझोर्समधलं दुसऱ्या बेटावरचं शहर) विमान यांत निदान १८ तास सोडा.