स्प्रे बाटलीतला जुना वास: आठ महिन्यांचा अनुभव

जानेवारीत संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जायचं म्हणून दहा मिलीच्या काचेच्या बाटलीत मोगऱ्याचा परफ्यूम भरला. आधी तिच्यात ऊदाचा परफ्यूम होता. गरम पाण्याने दोनदा विसळून, उन्हात वाळवूनच भरला होता. तरी रामबागेत काकूंकडे पाऊल टाकलं आणि त्या म्हणाल्या, "अगं, धुपापाशी बसून आलीस का?" मोगरा कुठेच नव्हता. चांगल्या परफ्यूमची अशी माती झाली याचं फार वाईट वाटलं, आणि तेव्हापासून मी या बाटल्यांच्या मागे लागले.

माझ्याकडे एकूण सहा आहेत. चार काचेच्या, पंप फिरवून निघतो अशा, आणि दोन प्लॅस्टिकच्या, खालून भरायच्या.

पहिला शोध असा लागला की एके दिवशी पंप काढून नुसती काच नाकाशी धरली, तर वास जवळजवळ नाहीच. मग पंपाची ती पांढरी बारीक नळी हुंगली. ऊद जसाच्या तसा! काच वास शोषत नाही. नळी, आतला वायसर, नोझल ही सगळी प्लॅस्टिक-रबराची, त्यांत सुगंधी तेल मुरतं आणि नवीन परफ्यूम भरला की हळूहळू बाहेर येतं. त्यातही ऊद, खस, चंदन हे जड वास, सावकाश उडणारे, म्हणून चिवट. लिंबू-संत्र्याचे वास हलके, ते लवकर जातात. नुसतं पाणी इथे कामाचं नाही, तेल त्यात विरघळत नाही.

आता माझी पद्धत. जेल रोडवरच्या मोबाईल दुरुस्तीवाल्याकडून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणते. बाटलीत पाव भाग भरायचं, पंप लावून हलवायचं आणि वीस-पंचवीस फवारे जुन्या फडक्यावर मारायचे, म्हणजे ते नळीतून, नोझलमधून जातं. रात्रभर तसंच ठेवायचं, सकाळी ओतून ताजं भरायचं. एकदाच भरपूर भरण्यापेक्षा थोडं थोडं तीनदा केलेलं जास्त लागू पडतं, कारण प्रत्येक वेळी नवं अल्कोहोल उरलेलं तेल ओढून घेतं. मग कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून पुन्हा फवारायचं, साध्या पाण्याने साबण पूर्ण काढायचा आणि शेवटी अल्कोहोलचा एक हात, म्हणजे आतलं पाणी बरंचसं निघून जातं. हे सगळं खिडकी उघडी ठेवून, गॅस आणि देवघरातल्या समईपासून लांब करायचं. अल्कोहोल चटकन पेटतं.

वाळवणं हा मात्र खरा कस. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हाळ्यात पंप आणि बाटली वेगळी करून ठेवली की एका दिवसात काम व्हायचं. पावसाळ्यात चार दिवस पंख्याखाली ठेवूनही नळीच्या टोकाशी दमट राहायचं. घाई करू नका. परफ्यूम भरण्याआधी थोडंसं अल्कोहोल घालून पांढऱ्या कागदावर दोन फवारे मारते आणि दहा मिनिटांनी हुंगते. लगेच हुंगलं तर अल्कोहोलच्या तिखट वासाखाली जुना वास लपलेला असतो.

जे जमलं नाही तेही सांगते. खाण्याच्या सोड्याचे कण नोझलमध्ये अडकले, फवारा वाकडा जाऊ लागला. व्हिनेगरने स्वतःचाच वास ठेवला. घरात उरलेलं जेल सॅनिटायझर चुकूनही घालू नका, पंप चिकटून बसतो. आणि पंप उकळायचा नाही. माझा एक त्यातच गेला, दाबला की वरच येईना.

प्लॅस्टिकच्या दोन बाटल्यांनी निराश केलं. तीन वेळा धुऊनही त्यांच्या भिंतीच वास धरून आहेत. नवीन घ्यायची असेल तर काचेचीच घ्या, आणि पंप सुटा मिळतो ना, हे दुकानातच विचारून घ्या. तसा सुटा पंप बदलल्यावर माझ्या दोन बाटल्या एका धुण्यात कोऱ्यासारख्या झाल्या.

त्या उदाच्या बाटलीचा पंप तीनदा अल्कोहोलमधून काढला, तरी कागदावर अजून पुसटसा ऊद येतो. तिच्यावर मी आता चिठ्ठी चिकटवली आहे, 'फक्त ऊद'. मोगरा नव्या पंपाच्या बाटलीत आहे, आणि गणपतीत काकूंकडे तोच लावून गेले होते.